सर्रा : घोड्याच्या आजाराने डॉक्टरांना शिकविलेला धडा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी लिहावे आणि मी मात्र घोड्याच्या आजारावर लेख पाठवावा, हे काही वाचकांना खचितच विचित्र वाटेल. मी पशुवैद्य नाही. माणसांची नाडी पाहणारा एक साधा डॉक्टर आहे. परंतु वांकिडीसारख्या सरहद्दीवरच्या गावात तापाचे रुग्ण तपासताना घोड्याच्या एका आजाराने मला जे शिकविले, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकाने शिकविले नव्हते.

वांकिडी हे पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील गाव. आसिफाबादहून राजुऱ्यामार्गे चंद्रपूरला जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. येथील दवाखान्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात. राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. पुढे नकाशावर रेघ ओढली गेली. पण सोयरीक, बैलबाजार आणि वराती यांनी ती रेघ कधी फारशी मानली नाही. जनावरांना चावणाऱ्या माश्यांना तर ती ठाऊकच नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाच्या वरातीला घोडी देणारा एक गृहस्थ पावसाळ्यानंतर माझ्याकडे थंडीतापासाठी आला. रक्ताच्या काचेवर हिवतापाचे जंतू दिसले, औषध दिले, चार दिवसांत तो बरा झाला. जाताना तो म्हणाला, "साहेब, माझं जाऊ द्या, घोडीले काय झालं ते सांगा. खाते तरी वाळून राह्यली. ताप येते अन् जाते. पोटाखाली सूज आली." मी हसून म्हणालो, "अहो, मी माणसांचा डॉक्टर!" तो निघून गेला आणि मी ते विसरलो.

तीन आठवड्यांनी सरहद्दीपलीकडून एक पशुवैद्य मित्र सहज भेटीला आले असता मला त्या घोडीची आठवण झाली. आम्ही दोघे पाहावयास गेलो. घोडीच्या बरगड्या मोजता येत होत्या, मागचे पाय लटपटत होते, पोटाखाली आणि पायांवर सूज होती. मित्राने कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला आणि माझ्याच दवाखान्यातील सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तांबड्या पेशींच्या गर्दीतून लहान मासोळीसारखे काहीतरी वळवळत, पेशींना ढुशा देत धावत होते. "हा सर्रा," ते म्हणाले. "औषध आहे, पण आता उशीर झाला." त्यांनी क्विनापायरामिनचे इंजेक्शन दिले खरे, पण दोन दिवसांनी घोडी गेली. त्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न तिच्या पाठीवर होते. लक्षणे मला तीन आठवडे आधी सांगितली गेली होती, आणि सूक्ष्मदर्शक माझ्याच टेबलावर होता. ही बोचणी आजही गेलेली नाही.

त्यानंतर मी या आजाराविषयी वाचू लागलो. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यास आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा परजीवी आढळला. दूषित रक्त निरोगी जनावरास टोचले तर त्यासही आजार होतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. सस्तन प्राण्यांत ट्रिपॅनोसोम हा परजीवी रोग उत्पन्न करतो, याचा तो पहिला पुरावा. वरिष्ठांना मात्र तो पटला नाही. परजीवीला इव्हान्सचे नाव १८८५ साली दिले ते जॉन हेन्री स्टील यांनी, आणि हेच स्टील १८८६ मध्ये परळला स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे आजचे नाव त्यातूनच आले.

पुढचा दुवाही महाराष्ट्रातलाच. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्ऱ्यावर पुष्कळ काम केले. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. लिंगार्ड स्वतः माणसांच्या वैद्यकात शिकलेले होते. माणसांचा डॉक्टर घोड्याचे रक्त पाहतो यात त्या काळी कोणाला कमीपणा वाटला नाही.

या रोगाचा अभ्यास करणे सोपे नाही. परजीवी पसरतो तो जनावरांना डसणाऱ्या मोठ्या टॅबॅनस माश्यांमार्फत. हिवतापाचा जंतू डासात वाढतो, तसा हा माशीत वाढत नाही. अर्धवट राहिलेल्या चाव्यातील रक्त माशीच्या तोंडाला लागते आणि ती लगेच दुसऱ्या जनावरावर बसली की संसर्ग होतो. बैल-म्हशींत तो पुष्कळदा छुपा राहतो. घोडा मात्र उपचार न मिळाल्यास काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावतो. परजीवी आपल्या अंगावरचे प्रथिनांचे आवरण वारंवार बदलतो. शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावीत, तोवर दुसऱ्या आवरणाची फौज उभी राहते. म्हणून ताप लाटांनी येतो, आणि दोन लाटांच्या मध्ये घेतलेल्या रक्तात काहीच दिसत नाही. यास्तव एका काचेवर विसंबता येत नाही. पूर्वी संशयित रक्त उंदराला टोचून वाट पाहत; आता प्रतिपिंडे शोधणारी कार्डावरची चाचणी, एलायझा आणि पीसीआर ही साधने हाताशी आहेत. १९८५ साली हिसार येथे स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र देशभरातील घोड्यांच्या अशा रोगांचे निदान व संशोधन करते.

हे सर्व वाचताना मला एका गोष्टीचा दिलासा वाटे. सर्रा माणसाला होत नाही, असे पुस्तके सांगत. २००४ साली तो दिलासाही गेला, आणि तोही आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात. सिवनी या खेड्यातील ४५ वर्षांच्या एका शेतकऱ्याला पाच महिने पुन्हापुन्हा ताप येत होता आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम कमीजास्त प्रमाणात आढळत होते. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असल्याचे सिद्ध केले व २००५ मध्ये प्रसिद्ध केले. माणसात या परजीवीचा संसर्ग निश्चितपणे सिद्ध झाल्याचे जगातील ते पहिले उदाहरण. मेंदूत शिरकाव झालेला नव्हता. सुरामिन या जुन्या औषधाने रुग्ण बरा झाला.

मग हा एकच माणूस का? मानवी रक्तद्रवात अपोलिपोप्रोटीन एल-१ नावाचे प्रथिन असते. ते अशा परजीवींना फोडून टाकते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, या रुग्णाच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता, त्यामुळे ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. प्रयोगशाळेत ते प्रथिन मिसळताच त्याच्या रक्तद्रवातही परजीवी मरू लागले. त्याच गावातील १,८०६ लोकांच्या तपासणीत ४१० जणांची प्राथमिक प्रतिपिंड चाचणी सकारात्मक आली. अधिक कडक निकषावर ६० जण उरले. मात्र त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. याचा अर्थ असा असू शकतो की, पुष्कळांना या परजीवीचा स्पर्श झाला आणि शरीराने तो परतवून लावला. परंतु पुढे व्हिएतनाममधील एका स्त्रीला हे प्रथिन व्यवस्थित असतानाही संसर्ग झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा जनुक चांगले आहे म्हणून निर्धास्त राहावे, अशीही सोय नाही.

घोड्याचा आणखी एक आजार डॉक्टरांनी लक्षात ठेवला पाहिजे, तो म्हणजे ग्लँडर्स. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर गाठी व फुटणारे व्रण ही त्याची लक्षणे. त्याचा जंतू १८८२ मध्ये लोफ्लर व श्युट्झ यांनी शोधला. त्याच्या निदानासाठी मॅलिन हे द्रव्य तयार करणाऱ्यांपैकी कालनिंग हा संशोधक याच रोगाचा बळी ठरला. जुलै २००६ ते फेब्रुवारी २००७ या काळात हा रोग महाराष्ट्रात प्रथम आणि नंतर उत्तर प्रदेश, उत्तराखंड, पंजाब व तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आढळला. यावर लस नाही, आणि बाधित जनावराला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. म्हणूनच मालक आजार लपवतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दूरदूरची जनावरे एकत्र येतात. तेथे लपविलेला एक घोडा किती गावांना महाग पडेल, हे सांगणे नको. मालकाला वेळेवर भरपाई मिळेल अशी खात्री वाटली, तरच तो खरे बोलेल.

आता माझे मूळ म्हणणे. आज हिवतापासाठी झटपट किट आले आहे. ते उपयुक्त आहे, मीही वापरतो. पण किट विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. सूक्ष्मदर्शक न विचारलेलेही दाखवतो. खेड्यातील दवाखान्यांत सूक्ष्मदर्शकावर कापड पडले, तर सिवनीसारखा पुढचा रुग्ण आपल्यासमोर बसून "किट निगेटिव्ह" म्हणून परत जाईल, आणि ते आपल्याला कळणारही नाही.

म्हणून तरुण डॉक्टर मित्रांना तीन विनंत्या. ताप पुन्हापुन्हा येत असेल तर तापाच्या वेळी रक्त घेऊन काच पाहा, आणि एकदा काही दिसले नाही तर पुन्हा पाहा. रुग्णाला त्याच्या गुराढोरांची प्रकृती विचारा. हा प्रश्न वेळखाऊ नाही. आणि आपल्या भागातील पशुवैद्यांशी ओळख ठेवा. मंडळाच्या वार्षिक सभेला त्यांना सन्मानाने बोलवा. हल्ली याला 'एक आरोग्य' असे भारदस्त नाव आहे. आमच्या गावात त्याचा अर्थ इतकाच की, दोन डॉक्टरांनी एका सूक्ष्मदर्शकात आळीपाळीने डोकावावे.

तो घोडीवाला पुढे कित्येक वर्षे माझ्याकडे येत राहिला. त्याने मला कधी दोष दिला नाही. कर्ज काढून त्याने दुसरी घोडी घेतली, तेव्हा पहिल्यांदा ती माझ्या दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "साहेब, हिचं रक्त पाहून घ्या." मी पाहिले. काच स्वच्छ होती.