भंगारातला फ्रिज आणि हवेत सुटलेला गॅस

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या गावातला जुना फ्रिज भंगारात गेला की तांब्यासाठी आधी नळी कापली जाते. फुस्स! गॅस हवेत. फ्रिज २००० सालाआधीचा असेल, तर तो गॅस आर-१२ असण्याची शक्यता मोठी. ओझोनचा हा शत्रू. शिवाय एक किलो आर-१२ तापमानवाढीत सुमारे दहा टन कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो. फ्रिजच्या भिंतींतल्या फोममधल्या आर-११ या तशाच गॅसकडे तर कुणाचं लक्षच नसतं.

नळीला व्हॉल्व्ह बसवून गॅस यंत्राने सिलिंडरमध्ये ओढायचा आणि हजार अंशांहून तप्त भट्टीत जाळायचा, हाच खरा मार्ग. सिमेंटची भट्टीही चालते. याच शिरूर तालुक्यात, रांजणगावला, फ्रिजचे मोठे कारखाने आहेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या फ्रिजच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांची आहे. भंगारवाल्याच्या हातात गॅस काढायचं यंत्र त्यांनीच पोहोचवायला हवं.