घाटाखालचं सरकार

मुंबई बंदराचा इतिहास बहुधा गोदीत सुरू होतो आणि गोदीतच संपतो. बंदराचा जीव मात्र घाटात अडकलेला होता. देशावरचा कापूस आणि धान्य खाली यायचं, मीठ आणि कापड वर जायचं, ते पनवेलच्या धक्क्यावरून; चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाटाने. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा नेण्यासाठी ही वाट दुरुस्त करून घेतली. गाडीरस्ता झाला तो १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. तोवर माल बैलांच्या पाठीवरून चढत असे. खोपोलीचा नाना फडणविसांचा तलाव आणि महादेवाचं देऊळ त्याच जुन्या वाटेवरचं. रस्त्यापाठोपाठ टोलनाका आला. या मुलखातल्या रयतेला नवं सरकार पुढे ज्या रूपात भेटत राहिलं, त्याची ही सुरुवात: वाटेत उभा राहून पावती मागणारा माणूस.

कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा त्याचा पेटा. कर्जतला मामलतदार, खालापूरला महालकरी. कलेक्टर थंडी-उन्हाळ्यात तंबू घेऊन फिरतीवर असे. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून डोंगर चढला आणि साहेबांना माथेरान ‘सापडलं’. ठाकर-धनगरांच्या लेखी ते कधी हरवलेलंच नव्हतं.

या शांत कारभाराची खरी कसोटी लागली रेल्वे आली तेव्हा. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली, १८५६ मध्ये पळसदरीवरून खोपोलीला. १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे मार्गही सुरू झाला. मधला घाट तेवढा उरला. त्या काळात मुंबईहून पुण्याला निघालेला उतारू खोपोलीला उतरायचा, डोलीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायचा. घाटातल्या लोहमार्गाचा ठेका विल्यम फेव्हिएल या इंग्रज ठेकेदाराकडे होता. काळा कातळ फोडून बोगदे काढायचे, दऱ्यांवर पूल बांधायचे. काम मुख्यतः हातांनी आणि सुरुंगाच्या दारूने. देशावरून आणि दूरदूरच्या मुलखांतून हजारो बाया-बापे घाटात उतरले. पावसाळ्यात काम थंडावलं की बरेचसे गावी परतत. पटकीची साथ आली की तळच्या तळ उठत.

या मजुरांपर्यंत पैसा कसा पोचत होता, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. रेल्वे कंपनी पैसे देणार ठेकेदाराला. ठेकेदार देणार पोटठेकेदारांना, त्यांतले पुष्कळसे गोरे. पोटठेकेदार देणार मुकादमाला. मुकादम स्वतःचं कापून उरलेले टोळीला वाटणार. टोळीतल्या मजुराने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असायची, म्हणजे हातात यायचं ते उचल वळती करून. या साखळीतली एक कडी अडली की खालचे सगळे उपाशी. वरच्या कुणाशीही मजुराचा लेखी करार नाही. दाद मागायची तर दिवाणी दावा लावायचा, आणि रोजावर पोट असलेला माणूस दावा कसला लावतो?

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून भडका उडाला. मजूर गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले. कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं त्याला जेमतेम तीन महिने होत होते आणि उत्तरेतलं बंड पुरतं विझलेलं नव्हतं. घाटात हजारोंचा जमाव गोऱ्यांवर धावतो, ही बातमी मुंबई सरकारला किती झोंबली असेल याची कल्पना करता येते. चौकशी झाली, आणि तिचा रोख मजुरांइतकाच पैसे अडवणाऱ्या पोटठेकेदारांवरही राहिला. सरकारचा एवढा मोठेपणा मान्य करायला हवा. फेव्हिएलने त्याच वर्षी ठेका सोडला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर काही आठवड्यांतच वारला; त्याची बायको अ‍ॅलिस हिने माणसं नेमून काम पुरं करवलं. १८६१ मध्ये घाटात बेचाळीस हजारांच्या आसपास माणसं राबत होती. पंचवीस बोगद्यांचा तो मार्ग एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअरने खुला केला.

घाटातल्या त्या दंग्याचा परिणाम मात्र घाटापुरता राहिला नाही. त्यातून १८६० चा नववा कायदा निघाला. रेल्वे, कालवे आणि तशाच सार्वजनिक बांधकामांवर मजुरीचा तंटा झाला तर मॅजिस्ट्रेटने तो झटपट निकालात काढायचा, ही त्यातली मुख्य तरतूद. दिवाणी कोर्टाचा फेरा टळला, हे मजुराच्या सोयीचं. पण त्याच कायद्यात करार मोडून जाणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षाही होती. आदल्याच वर्षीच्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम टाकणाऱ्याला तुरुंग दाखवलेला होताच. ठेकेदाराने पैसे थकवले तर ती थकबाकी, मजुराने काम सोडलं तर तो गुन्हा! शाही मजूर आयोगाच्या शिफारशीनंतर १९३२ मध्ये १८६० चा हा नववा कायदा रद्द झाला. म्हणजे बोरघाटातल्या एका भडक्यातून निघालेला कायदा सत्तर वर्षांहून अधिक काळ देशाच्या कायदेपुस्तकात होता.

रेल्वे झाली आणि सरकारची नजर जंगलाकडे वळली. १८७८ च्या वनकायद्याने डोंगर राखीव होऊ लागले आणि इथल्या भातशेतीचा गळाच आवळला गेला, कारण राब. थंडीत ऐन-किंजळाचा टहाळ तोडून वाळवायचा. रोपाच्या वाफ्यावर आधी शेण, मग टहाळ, वर गवत आणि पातेरा, त्यावर माती पसरायची. उन्हाळ्यात वारा जिकडे वाहतो त्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजते. तण जळतं, रोप जोमाने उठतं. वनखात्याच्या साहेबाला यात झाडांचा नाश दिसला. कुणब्याला दिसत होती वर्षाची भाकरी. ठाणे-कुलाब्यात ओरड एवढी वाढली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राबाची सवलत राहिली, पण हक्क म्हणून नव्हे, सरकारची मेहेरबानी म्हणून. आणि मेहेरबानीची नोंद ठेवणारा जंगलचा शिपाई आता बांधावर येऊ लागला.

सगळ्यात कडक पहारा बसला तो मोहाच्या फुलांवर. १८७८ च्या आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा अधिकार सरकारी परवान्यात बांधला. मुंबई बंदराच्या पलीकडे उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या; तिथे गुजरातेतून गलबतांनी मोहफुलं यायची, दारू गाळली जायची आणि तीवर सरकार घसघशीत कर घ्यायचं. कर्जत-खालापूरच्या वाड्यांत मात्र मोह दारात उभा. कातकरी आणि ठाकर फुलं वेचणार, वाळवणार, खाणार आणि गाळणारही. घरोघर गाळली तर उरणची कर भरलेली दारू घेणार कोण? म्हणून १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा झाला. आदल्याच वर्षी कर्जत तालुका कुलाबा जिल्ह्यात गेला होता, पण जिल्हा बदलून सुटका नव्हती. कायद्यात दोन्ही जिल्हे होते. दारूबरोबर आता फुलंही बिनपरवाना बाळगायची सोय राहिली नाही. पहाटे झाडाखाली टोपली घेऊन बसणाऱ्या कातकरणीची ती टोपलीच आबकारी शिपायाला पुरावा म्हणून पुरे झाली.