कोडिंग येत नाही, तरी आयटीत जायचंय? एसएपी कन्सल्टिंगची वाट समजून घ्या

"मी बी.कॉम. केलंय, सहा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, कोडिंगचं नावही काढू नका. मला आयटीत जाता येईल का?" हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. उत्तर आहे, हो. एक वाट तर अशी आहे की तिथे तुमची ती सहा वर्षं वाया जात नाहीत, उलट तीच कामी येतात. ती म्हणजे एसएपी कन्सल्टिंग.

एसएपी म्हणजे काय?

१९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत ही कंपनी सुरू केली. खरेदी, विक्री, गोदाम, उत्पादन आणि हिशेब एकाच सिस्टीममध्ये जोडायचं काम तिचं सॉफ्टवेअर करतं. अशा सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. त्याचे भाग म्हणजे मॉड्यूल: हिशेबाला एफआय, खरेदी आणि गोदामाला एमएम, विक्रीला एसडी, उत्पादनाला पीपी.

सॉफ्टवेअर तयार मिळतं, पण प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. त्या नियमांप्रमाणे सिस्टीम बसवून देतो तो फंक्शनल कन्सल्टंट. कोड लिहिणारे एबॅपवाले वेगळे आणि सिस्टीम चालू ठेवणारे बेसिसवाले वेगळे.

एक उदाहरण बघू

समजा, चाकणच्या एका कारखान्याने १०० बेअरिंग मागवली. आली ९०. पुरवठादाराने बिल मात्र १०० चं लावलं. स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाला पुढचा सगळा गोंधळ लगेच डोळ्यांसमोर दिसतो!

एसएपीत ऑर्डर 'एमई२१एन'मध्ये बनते, माल 'मिगो'त जमा होतो आणि बिल 'मिरो'त चढतं. बिल चढवताना सिस्टीम ते ऑर्डरशी आणि जमा मालाशी ताडून बघते. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की पेमेंट ब्लॉक होतं. ही मर्यादा किती ठेवायची, ब्लॉक कोणी काढायचा, हे कंपनीशी बोलून सिस्टीममध्ये बसवणं हे कन्सल्टंटचं काम.

कोणतं बटण कुठे आहे हे काही महिन्यांत शिकता येतं. पण माल कमी आला की स्टोअर, खरेदी आणि अकाउंट्स एकमेकांकडे बोट कसं दाखवतात, हे कोणताही क्लास शिकवत नाही. ते तुम्ही रोज बघताय.

आत्ताच का?

एसएपीने एस/४ हाना ही नवी पिढी २०१५ साली आणली. जुन्या ईसीसीच्या शेवटच्या आवृत्त्यांचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो. त्यामुळे बऱ्याच कंपन्यांना नव्या सिस्टीमवर जायचं आहे. शिकायचं असेल तर एस/४ हानावरच शिका.

पैसे भरण्याआधी

- "१०० टक्के जॉब गॅरंटी" ऐकून कर्ज काढू नका. एसएपीच्या स्वतःच्या लर्निंग साइटवर मोफत कोर्स आहेत. महिनाभर ते करून बघा, मग ठरवा.
- "रेझ्युमेत तीन वर्षांचा खोटा अनुभव टाकू" असं कोणी सुचवलं तर तिथून निघा. पीएफच्या नोंदीतून ते उघडं पडू शकतं आणि हातातली नोकरीही जाते.
- सर्टिफिकेट म्हणजे नोकरी नाही. पहिलं काम बहुतेक वेळा सपोर्टचं, म्हणजे यूजरच्या तक्रारी सोडवण्याचं असतं. पगार सुरुवातीला आत्तापेक्षा कमीही असू शकतो. घरात आधी मोकळेपणाने बोलून घ्या.
- तुमच्या कंपनीत एसएपी असेल तर साहेबांकडे 'की यूजर'चं काम मागा. नोकरी न सोडता खरा अनुभव मिळतो.

या रविवारी एवढं करा

कागद घ्या. तुमच्या खात्यातलं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहा: कागद कुठून येतो, सही कोण करतं, कुठे अडकतं, चूक झाली तर कोण निस्तरतं. दोन पानं सहज भरली, तर निम्मी तयारी तुमची झालेलीच आहे. मुलाखतीत "तुमचा आयटीचा अनुभव काय?" असं विचारलं की तीच दोन पानं सांगा.