संगणकाचा नाकेदार

मुलांनो, आपल्या चामोर्शी तालुक्यातून जंगलाच्या रस्त्याने जाताना वनविभागाचा एखादा नाका तुम्ही पाहिला असेल. लाकडाचा ट्रक आला की नाकेदार परवाना तपासतो, नोंदवहीत गाडीचा नंबर व वेळ लिहितो आणि मगच आडवा बांबू वर करतो. पुढे काही घोटाळा झाला तर ती वही उपयोगी पडते. असाच एक नाकेदार संगणकातही असतो.

वाय-फाय तुम्हाला माहीत आहे. तारेशिवाय, रेडिओलहरींच्या मदतीने संगणक राऊटर नावाच्या पेटीशी बोलतो. या बोलण्याचे नियम १९९७ साली प्रथम ठरले. राऊटर दर सेकंदाला साधारण १० वेळा 'मी येथे आहे' अशी हाक देत असतो. संगणक ती ऐकतो, ओळख पटवतो, नाव नोंदवतो आणि मग जोडला जातो. हे सारे क्षणात घडते व आपल्याला दिसत नाही.

ते पाहायचे असेल तर लिनक्स प्रणालीच्या संगणकावर टर्मिनल उघडावे. येथे चित्रे नाहीत, माऊसलाही फारसे काम नाही. हुकूम टाईप करायचा आणि एंटर दाबायचे. 'हुकूम' हा शब्द तुम्हाला उर्दूतून ठाऊकच आहे, मराठीतही तो तसाच चालतो. मात्र येथे तो डावीकडून उजवीकडे लिहायचा! इंग्रजी अक्षरांत 'आयडब्ल्यू', मग जागा सोडून 'इव्हेंट' लिहा. पुढे पुन्हा जागा सोडून आडवी रेघ व मोठ्या लिपीतला 'टी' जोडला, तर प्रत्येक नोंदीपुढे तारीख व वेळ येते. लहान 'टी' लिहू नका. तो वेळ सेकंदांत सांगतो आणि तेही १ जानेवारी १९७० पासून मोजून!

आता पडदा गप्प बसेल. घाबरू नका, नाकेदार जागा आहे. काही घडले की ओळ उमटते : शोध सुरू झाला, शोध संपला, ओळख पटली, नोंद झाली, जोडणी झाली. जोडणी तुटली तर ती कोणी तोडली आणि कोणत्या कारणाने, हेही तो लिहितो. कारणांना क्रमांक असतात. पासवर्ड चुकला तर बहुधा १५ क्रमांक दिसतो. दुसरे लोक काय वाचतात हे मात्र तो सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे.

मी एका शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होतो. शेवटची तारीख होती. नववीतल्या एका मुलीचा अर्ज तीन वेळा अर्ध्यावर थांबला होता. तिचे वडील दारात उभे होते. सगळे म्हणाले, "टॉवरच खराब आहे, उद्या बघू." पण उद्या अर्ज घेणार कोण?

मी तो हुकूम दिला. टॉवरचा दोष असता तर इंटरनेट बंद पडले असते, पण पडदा गप्पच राहिला असता. कारण संगणक आणि राऊटर यांची जोडणी तशीच राहते. येथे तर ओळ उमटली : जोडणी तुटली, कारण ४. तीही राऊटरने तोडली नव्हती. राऊटरची हाक ऐकू येईना, म्हणून आमच्याच संगणकाने 'तो गेला' असे धरले होते. म्हणजे दोष शाळेच्या भिंतींच्या आतच होता.

थोड्या वेळाने जोडणी आपोआप परत आली आणि पुन्हा तुटली. मी वेळा कागदावर लिहून घेतल्या. एक वेळ नेमकी मधल्या सुट्टीच्या घंटेची होती. मी शेजारच्या कार्यालयात गेलो. राऊटर चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवलेला होता! कारकून बाहेर जाताना कपाट बंद करून कुलूप लावत. लोखंडाच्या बंद पेटीतून लहरी बाहेर पडणार कशा? कपाट उघडे असेतोवर सारे ठीक चाले.

कारकुनांना बोलावून किल्ली मागितली. राऊटर काढून दारावरच्या फळीवर ठेवला. मुलीच्या वडिलांनीच स्टूल धरले होते. दुपारी सव्वातीनला अर्ज पूर्ण भरून गेला आणि त्याचा क्रमांक पडद्यावर आला. मुलीने तो आपल्या वहीच्या मागच्या पानावर दोनदा लिहून घेतला.