गांधीलमाशी आणि सापळा

पाश्चात्त्य बागांतील सापळे ज्या 'व्हेस्प्युला' प्रजातीसाठी योजले जातात, ती बहुधा जमिनीत पोळे करणारी पिवळ्या पट्ट्यांची गांधीलमाशी भारतात मुख्यतः हिमालयात आढळते. वांगणी-नेरळदरम्यानच्या शेलूसारख्या कोकणपट्टीतील गावांत वाशांना, खिडक्यांना लोंबणारी, चघळलेल्या लाकडाच्या तंतूंची कागदी पोळी अनेकदा 'रोपॅलिडिया' प्रजातीची असतात. थंड प्रदेशात वसंतात एकटी फिरणारी राणी सापळ्यात सापडली, तर एक वसाहत टळते. परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अभ्यासलेल्या 'रोपॅलिडिया मार्जिनाटा' या जातीत राणी नाहीशी झाली, की कामकऱ्यांपैकीच एक तिची जागा घेते. शिवाय या माश्या पिल्लांसाठी अळ्या टिपतात, म्हणून परसातल्या भाजीला त्यांचा उपयोगच होतो.

बाटलीचा कापलेला गळा उलटा बसवून आत गुळाचे आंबलेले पाणी, मधमाश्या दूर राहाव्यात म्हणून थोडा शिरका आणि माशी बुडावी म्हणून साबणाचे दोन थेंब घातलेला सापळा पिकल्या फळांवर येणाऱ्या मोठ्या गांधीलमाश्यांपुरता कामाचा ठरतो. तो बसण्याच्या जागेपासून दूर टांगावा. माणसांच्या वावरापासून लांबचे पोळे राहू देणेच शहाणपणाचे. दारावरचे मात्र जाणकाराकडून काढून घ्यावे, रॉकेल टाकून पेटवू नये. दंशानंतर श्वास लागल्यास किंवा चेहरा सुजल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.