१९१४ नंबरची ओळ

साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टर क्रमांक १९१४, नाव भिवा. शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. ते रजिस्टर जपून ठेवलेलं आहे आणि २०१७पासून राज्यभर ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतात. शाळेच्या वहीतल्या एका ओळीवरून अख्ख्या राज्याचा एक दिवस ठरावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याहून नवल वाटतं ते त्या ओळीत जे नाही त्याचं. या भिवानं, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की वर्गात त्यांना एकट्यानं कोपऱ्यात बसावं लागे. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा. शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे, म्हणून तो तुकडा त्यांना रोज संध्याकाळी घरी न्यावा लागे आणि सकाळी परत आणावा लागे. रजिस्टर सांगतं, मुलगा शाळेत आहे. शाळेत कुठे आहे, हे फक्त गोणपाटाला ठाऊक.

आता सव्वाशे वर्षांनी त्या रजिस्टराचं यूडायस झालंय, म्हणजे देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी ऑनलाइन नोंद. शाळेत काम करणाऱ्या कुणालाही हा शब्द नुसता ऐकवा, चेहऱ्यावर थकवा उतरतो. शाळेला अकरा आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, सातारा ३१ आणि सांगली ३५. मग तालुका, गाव आणि शेवटी शाळा. कोयनेच्या कडेला नऊ पोरांची शाळा असो की मिरजेतली हजाराची, कोड सगळ्यांना अकराच आकडी. ३० सप्टेंबर ही माहितीची संदर्भ तारीख. त्या सुमारास केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर निरोप सुरू होतात, जीपी झालं का, ईपी किती राहिलं, एफपी आज पूर्ण करा. मुलाची सर्वसाधारण माहिती, प्रवेशाची माहिती, सोयींची माहिती. बाई मधल्या सुट्टीत एका हातात डबा आणि एका हातात मोबाईल घेऊन एकेका मुलाचा रकाना भरत असतात.

त्यांतला एक रकाना विचारतो, मूल सीडब्ल्यूएसएन आहे का? म्हणजे विशेष गरजा असलेलं. होय की नाही. होय म्हटलं की दिव्यांगत्वाच्या प्रकारांची यादी उघडते. १९९५च्या कायद्यात हे प्रकार सात होते, २०१६च्या कायद्यानं एकवीस केले. लिहिताना अक्षरं उलटीपालटी होणारं मूल, स्वमग्न मूल, थॅलेसेमियाचं मूल, हे सगळे पूर्वी यादीतच नव्हते. यादी नवी झाली आणि कालपर्यंत ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाला एका दिवसात हक्क मिळाला.

आता तीन आकडे शेजारीशेजारी मांडतो. युनिसेफनं २०२१मध्ये जगभरचा हिशेब मांडला, दहातल्या एका मुलाला काही ना काही दिव्यांगत्व आहे. म्हणजे शंभरात दहा. आपल्या २०११च्या जनगणनेत मुलांमधलं हे प्रमाण शंभरात १.७ निघालं. आणि २०२१-२२च्या यूडायसमध्ये देशभरच्या शाळांत अशी २२.६७ लाख मुलं नोंदली गेली, एकूण विद्यार्थी साडेपंचवीस कोटी. भागाकार करून बघा. शंभरात एक पूर्ण मूलसुद्धा येत नाही.

दहा, पावणेदोन, एकाहून कमी. बाकीची मुलं गेली कुठे?

काही खरोखर शाळेबाहेर आहेत. पण बरीचशी वर्गातच बसलेली आहेत, आकड्यात नाहीत एवढंच. कारण आकडा प्रश्नावर ठरतो. दारात येऊन कुणी विचारलं, ‘घरात कुणी अपंग आहे का?’, तर आई नाही म्हणते. मुलीचं लग्न व्हायचं असतं. पण तिलाच विचारा, ‘चष्मा लावूनही हिला दिसायला त्रास होतो का? घरच्यांचं बोलणं हिला नीट समजतं का?’ ती दोन मिनिटं बोलते. युनिसेफचा हिशेब बराचसा या दुसऱ्या धाटणीच्या प्रश्नांवर उभा आहे. शब्द बदलले की लाखो मुलं दिसायला लागतात, आणि त्यासाठी एकही नवीन डॉक्टर लागत नाही.

आता तोच भागाकार तालुक्यातालुक्यांत करायचा. समजा एका तालुक्यात हजार मुलांमागे पंधरा नोंदली आहेत आणि दुसऱ्यात पाच. दुसऱ्या तालुक्याची मुलं काही तिप्पट धडधाकट नसतात. तिथे काहीतरी अडलेलं असतं. काय ते शोधायला नकाशा काढावा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. सांगलीतल्या माणसाला ती रिक्षाची फेरी आहे. त्याच जिल्ह्यातल्या जतच्या माणसाला ऐंशी-नव्वद किलोमीटरची एसटी, एका दिवसाचा रोज बुडवून, आणि तेही एका खेपेत काम झालं तर. प्रमाणपत्र नसलेल्या मुलापुढे ‘होय’ लावायला बाईंचा हात कचरतो. म्हणजे मुलाच्या डोळ्यांबद्दलचा रकाना प्रत्यक्षात एसटीच्या वेळापत्रकाबद्दल बोलत असतो. जत तालुक्यात कानडी शाळाही आहेत. मुलाला वाचता येत नाही की त्याला न कळणाऱ्या भाषेत तपासलं गेलं, हा प्रश्न तिथे फार नाजूक होतो. वाचनातली अडचण इंग्रजी चाचण्यांनी तपासायची रीत आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५मध्ये ‘डाली’ नावाची चाचणी आणली, ती हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कानडीत आहे. सांगली जिल्ह्यासाठीच केल्यासारखी!

गंमत अशी की अमेरिकेत हाच भागाकार केला तेव्हा उलटंच निघालं. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलं शाळांत सुमारे दहा टक्के, पण ‘मतिमंद’ ठरवलेल्यांच्या वेगळ्या वर्गांत पंचवीस टक्के. १९७९मध्ये न्यायालयानं कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यांक चाचणी वापरायलाच बंदी केली. आपल्याकडे नोंद होत नाही हे दुखणं, तिकडे नको त्याची नोंद होते हे दुखणं. औषध मात्र एकच, कुठल्या गटातली किती मुलं नोंदली जातात याची तुलना.

आणखी एक नवल सांगतो. आमच्या वडिलांच्या पिढीत अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असायचं. गुरुजींनी दाखल करताना लिहिली ती तारीख. आता जन्मतारखा खऱ्या असतात आणि खऱ्या तारखा भलतंच काही सांगून जातात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाची कटऑफ ३१ डिसेंबर. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना, त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा, एडीएचडी म्हणजे अतिचंचलतेचं निदान तीस टक्के अधिक झालं होतं. मुलींत हा फरक सत्तर टक्के. मुलं आजारी नव्हती, वर्गात सगळ्यांत लहान होती! महाराष्ट्रातही पहिलीच्या वयाची तारीख आता ३१ डिसेंबरच आहे. आणि यूडायसमध्ये २०२२-२३पासून एकेका मुलाची वेगळी नोंद होते, जन्मतारखेसकट.

मात्र आकड्यांशी खेळताना कोयनेच्या कडेची ती नऊ पोरांची शाळा विसरू नये. तिथे एक मूल नोंदलं की प्रमाण अकरा टक्के, ते गाव सोडून गेलं की शून्य. त्यावरून शाळेला शाबासकी नाही की नोटीस नाही. अशा शाळा केंद्राच्या पातळीवर एकत्र मोजल्या तर आकड्याला काही वजन येतं. शिवाय गावात असं एकच मूल असेल, तर नुसत्या आकड्यावरूनही कुणाचं मूल ते सगळ्यांना कळतं. म्हणून मुलांची नावनिशी उघड नसते, आणि नसावीच.

मोजून होतं काय, असं एका शिक्षक मित्रानं मला वैतागून विचारलं होतं. शिक्षक मिळतात, हे त्याचं उत्तर. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१मध्ये प्राथमिकला दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं ठरवून दिलं. २०२४मध्ये महाराष्ट्रानं ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, एका केंद्राला एक या हिशेबानं. पण दहामागे एक म्हणताना ते दहा कागदावर असावे लागतात. मधल्या सुट्टीत घाईनं लावलेलं एक ‘नाही’ असं फिरून एका शिक्षकाच्या पदावर जाऊन आदळतं.

मुलांची नावनिशी उघड नसली तरी शाळेच्या माहितीचं कार्ड मात्र कुणालाही बघता येतं. यूडायसच्या संकेतस्थळावर शाळा शोधायची, खोल्या किती, शौचालयं किती, रॅम्प आहे का, सगळं समोर येतं. मी माझ्या जुन्या शाळेचं उघडलं. रॅम्पपुढे ‘होय’. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मुद्दाम बघून आलो. रॅम्प आहे, कठडाही आहे, त्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातलेली. वर जाऊन रॅम्प वर्गाच्या दाराशी संपतो आणि तिथे जुना दगडी उंबरा तसाच आहे. कार्डावर उंबऱ्याचा रकाना नाही. जवळ पट्टी नव्हती, म्हणून वाकून बोटं लावून मोजला. चार बोटं भरला.