पिशवी आणि बाजारहाट

चंडीगडच्या सेक्टर २२ मधील शास्त्री मार्केटात संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्याच्या पोटावर स्टोमा, म्हणजे मलविसर्जनाचे कृत्रिम द्वार, करावे लागले आहे, त्याला या गर्दीचेच भय वाटते. पुष्कळजण तर त्यापायी घराबाहेर पडणे सोडतात. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सन या परिचारिकेच्या बहिणीची हीच गत झाली होती. तिच्यासाठी एलिसेने १९५४ साली त्वचेला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी कल्पिली.

नीट बसलेल्या बंद पिशवीतून वास येत नाही. तो आलाच, तर चिकटणारी कड कोठेतरी सुटली आहे असे समजावे. तेथे अत्तर शिंपडून काय साधणार? वायू जावा म्हणून पिशवीला टाचणीने भोक पाडणे हा तर शुद्ध आत्मघात. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी, आणि बाहेरही ती एकतृतीयांश भरताच करावी, कारण भाराने कड उचलली जाते. कांदा, लसूण, कोबी, अंडी त्या दिवशी बेतानेच घ्यावीत. मात्र उपाशी राहू नये. रिकाम्या आतड्यात वायू अधिक धरतो. स्टोमा लहान आतड्याचा असेल, तर पाणी तोडणे घातकच. जादा पिशवी, स्टोमाच्या मापाने आधीच कापलेली, जवळच्या थैलीत असावी. उन्हाने तापलेल्या मोटारीत नव्हे.